चौतीस ओळी

भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यात रोवणीच्या दिवसांत बांधीच्या धुऱ्यावर कुणाच्या ना कुणाच्या मोबाइलवर रेडिओ सुरू असतो. गाणी कुठल्याही केंद्राची लागोत, बातम्या मात्र आकाशवाणीच्याच असतात. खासगी एफएम केंद्रांना स्वतःचे वार्ताहर नेमून बातम्या देण्याची आपल्या देशात परवानगी नाही. फार तर आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे ऐकवता येते. सामुदायिक रेडिओही स्वतःच्या बातम्या देऊ शकत नाही. वर्तमानपत्र कुणीही काढावे, वृत्तवाहिन्या शेकड्यांनी चालाव्यात, पण रेडिओवरून बातमी सांगण्याचा हक्क एकाच संस्थेकडे राहावा, अशी ही रचना आहे. त्यामुळे आकाशवाणी आणि दूरदर्शन सत्तेच्या बाजूने झुकतात का, हा प्रश्न दिल्लीतल्या चर्चासत्रांपुरता उरत नाही. ज्या भागाचे सगळे वर्ष धान, वैनगंगा-चुलबंदचे पाणी, इटियाडोह धरणाचे कालवे आणि खरेदी केंद्रावरचे चुकारे यांभोवती फिरते, तिथे हा रोजच्या व्यवहाराचा प्रश्न आहे. माझे म्हणणे असे आहे की सार्वजनिक प्रसारणावर देखरेख असण्यात काहीच गैर नाही. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेला कुणीतरी जाब विचारलाच पाहिजे. बिघाड आहे तो ही देखरेख तोंडी असण्यात, कुठेही नोंद नसण्यात. उघड आणि लेखी देखरेखीची सोय आपल्या कायद्यात आहे. तिचा सर्वांत महत्त्वाचा भाग मात्र कोणत्याही पक्षाच्या सरकारने आजवर अमलात आणलेला नाही.

तालुक्याच्या ठिकाणी बातमीदारी करणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते. बातमीचा कल ठरवायला हुकूम लागतोच असे नाही. कोणती बातमी आयती येते आणि कोणती आणायला जावे लागते, एवढ्यावरच पुष्कळ ठरून जाते. धान खरेदी केंद्राचा शुभारंभ झाला की दुपारपर्यंत प्रेसनोट पत्रकारांच्या ग्रुपवर येऊन पडते. स्वच्छ टाइप केलेली, फोटो जोडलेला, मान्यवरांची नावे पदांसकट क्रमाने लावलेली. पहिल्या वाक्यात मंत्र्यांचे किंवा आमदारांचे नाव आणि शेवटी ‘असे प्रतिपादन त्यांनी केले’. काही महिन्यांनी त्याच केंद्रावर धान देऊन बसलेल्यांचे चुकारे थकले, बारदाना संपला, गोदाम भरल्याने काटा बंद पडला, तर त्याची प्रेसनोट निघत नाही. ती बातमी हवी असेल तर दिघोरी, बारव्हा, विरली असे फिरावे लागते, संस्थेच्या सचिवाला गाठावे लागते, जिल्हा पणन कार्यालयाकडे विचारणा करावी लागते, आणि उत्तर येईपर्यंत त्या दिवसाचे पान छापायला गेलेले असते. वर्तमानपत्राला निदान दुसऱ्या दिवशी जागा असते. रेडिओवर तीही नसते. दहा मिनिटांच्या प्रादेशिक बातमीपत्रात एका बातमीच्या वाट्याला चार-पाच ओळी येतात, त्यातली एक ओळ नाव आणि पदनाम उच्चारण्यात संपते. उरलेल्या ओळींत योजना, उद्दिष्ट आणि आवाहन बसते. शेतकऱ्याचे म्हणणे कुणी मुद्दाम गाळलेले नसते, ते तिथपर्यंत पोचलेलेच नसते. म्हणून पक्षपाताचे दोन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत. एक वरून आलेला, दुसरा व्यवस्थेत मुरलेला. पहिल्यावर ओरड होते. दुसऱ्यावर कुणी बोलत नाही, कारण तिथे दोषी माणूस दाखवता येत नाही. पण वरचा दाब वर्षानुवर्षे टिकला की खालची व्यवस्था त्याच्याच मापाने घडत जाते. बातमी गाळणाऱ्याला मग कुणी काही सांगावेही लागत नाही.

वरून आलेला कल कसा दिसतो, याचा मोजलेला पुरावा आपल्याकडे आहे. आणीबाणीनंतरच्या शाह चौकशी आयोगासमोर आलेल्या तपशिलानुसार, डिसेंबर १९७६ या एका महिन्यात आकाशवाणीच्या बातमीपत्रांत काँग्रेसच्या प्रवक्त्यांच्या वक्तव्यांना २,२०७ ओळी मिळाल्या आणि विरोधकांना ३४. त्याच वर्षी पीटीआय, यूएनआय, हिंदुस्थान समाचार आणि समाचार भारती या चारही वृत्तसंस्था एकत्र करून ‘समाचार’ नावाची एकच संस्था उभी करण्यात आली. म्हणजे बातमी बोलणारे तोंड सरकारचे होतेच, त्याला पोचणारा ओघही एकच करून घेतला. मुंबईतल्या युवक काँग्रेसच्या कार्यक्रमात गायला नकार दिला म्हणून किशोर कुमार यांची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून बंद झाली, हे आजही लोक सांगतात, कारण ते ऐकणाऱ्याच्या कानाला लगेच जाणवले. ओळींची विषमता मात्र कानाला जाणवत नाही. बातमीपत्र रोजच्यासारखेच सुरू होते आणि रोजच्यासारखेच संपते. म्हणून या सगळ्या प्रकरणात मला तो आकडा सर्वांत मोलाचा वाटतो. पक्षपाताचा आरोप नेहमी ‘तुम्हाला तसे वाटते’ या उत्तरावर विरून जातो. इथे वाटण्याचा प्रश्न उरला नाही. खेद एवढाच की ही मोजणी सरकार पडल्यानंतर झाली. जी गोष्ट दर महिन्याला मोजता आली असती, ती मोजायला निवडणूक, सत्तांतर आणि चौकशी आयोग लागला.

आणीबाणी हा अपवाद होता, असे म्हणून पुढे जाण्याची सवय आपल्याला आहे. भंडारा जिल्ह्याचाच इतिहास त्याच्याही मागे नेतो. मे १९५४मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडारा लोकसभा मतदारसंघातून पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि पराभूत झाले. त्या काळी निवडणुकीत कोणत्याही पक्षाला किंवा उमेदवाराला आकाशवाणीवरून बोलता येत नसे. पक्षांना वेळ देण्याची प्रथा सुरू झाली ती १९७७मध्ये. वरवर पाहता हा सर्वांना सारखा नियम होता. पण ज्या पक्षाचे मंत्री दौरे करतात, उद्घाटने करतात, त्याचा आवाज बातमी म्हणून बारा महिने ऐकू येत असतो. अशा वेळी सर्वांना सारखेच गप्प बसवणारा नियम आधीपासून बोलत असलेल्याच्याच सोयीचा ठरतो. आकाशवाणीचे दार बाबासाहेबांना बंद होते असे नाही. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला त्यांचे आपल्या जीवनविषयक तत्त्वज्ञानावरचे भाषण आकाशवाणीने प्रसारित केले. विचारवंताला मान होता, फक्त उमेदवाराला मतदारापुढे रेडिओवरून उभे राहता येत नव्हते. तेव्हाचे नभोवाणी मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ होते. शास्त्रीय संगीतावर त्यांचे मनापासून प्रेम होते आणि त्या प्रेमापोटीच त्यांनी चित्रपटगीतांना आकाशवाणीवर जागा राहू दिली नाही. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि शेवटी १९५७मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. केसकरांचा हेतू पक्षीय नव्हता, कदाचित उदात्तच होता. तरी देशभराने काय ऐकावे, हे एका मंत्र्याच्या आवडीवर ठरले, हे खरे. हे खाते पुढेही मराठी माणसांकडे वारंवार आले. वसंत साठे, विठ्ठलराव गाडगीळ, प्रमोद महाजन, प्रकाश जावडेकर अशी नावे सहज आठवतात. साठे तर आपल्या विदर्भाचे, १९८२ला रंगीत दूरदर्शन आणण्यासाठी हिरिरीने झटलेले. पक्ष वेगळे, स्वभाव वेगळे, पण खात्याचा आणि बातमीचा संबंध तोडून टाकावा असे यांच्यापैकी कुणाच्याही कारकिर्दीत घडले नाही.

प्रयत्न झालेच नाहीत असे मात्र म्हणता येणार नाही. बी. जी. वर्गीज यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७८मध्ये ‘आकाशभारती’ नावाच्या स्वतंत्र न्यासाची शिफारस केली. लालकृष्ण अडवाणी यांनी १९७९मध्ये आणलेले विधेयक लोकसभा विसर्जित झाल्याने बारगळले. विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या काळात, १९९०मध्ये, प्रसार भारती कायदा संसदेने मंजूर केला आणि मग तो सात वर्षे नुसता पडून राहिला. दरम्यान ९ फेब्रुवारी १९९५ला सर्वोच्च न्यायालयाने बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या प्रकरणात निर्णय दिला की प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचे नियमन समाजातल्या सर्व घटकांचे प्रतिनिधित्व असलेल्या स्वायत्त संस्थेकडे असावे. त्या खंडपीठात न्या. पी. बी. सावंत होते. कायदा अखेर सप्टेंबर १९९७मध्ये लागू झाला, नोव्हेंबरमध्ये प्रसार भारती स्थापन झाली. हा कायदा मुळातून वाचावा असा आहे. त्याचे १२वे कलम सांगते की सार्वजनिक हिताच्या सर्व बाबींची मुक्त, सत्य आणि वस्तुनिष्ठ माहिती मिळण्याचा नागरिकांचा हक्क जपावा, परस्परविरोधी मतांसह समतोल माहिती द्यावी आणि संस्थेने स्वतःच्या कोणत्याही मताचा किंवा विचारसरणीचा पुरस्कार करू नये. शेती आणि ग्रामीण विकासाकडे विशेष लक्ष द्यावे, हेही त्यातच आहे. १३व्या कलमात बावीस खासदारांची समिती आहे, लोकसभेचे पंधरा आणि राज्यसभेचे सात. २३व्या कलमात सरकारला देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी अमुक प्रसारित करू नका किंवा अमुक करा, असा आदेश देता येतो. पण त्या आदेशाची प्रत संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावी लागते, आणि हे प्रसारण सरकारच्या आदेशावरून होत आहे, असे प्रसार भारतीला वाटल्यास त्याच वेळी जाहीरही करता येते.

या शेवटच्या तरतुदीवर मला थोडे थांबायचे आहे. कायदा करणाऱ्यांनी सरकारचा अधिकार नाकारलेला नाही, तो उजेडात आणला आहे. सरकारला काही सांगायचे असेल तर ते कागदावर सांगावे, संसदेला दाखवावे आणि ऐकणाऱ्यालाही कळू द्यावे. धानाच्या काट्यावर देणारा आणि घेणारा दोघेही उभे असतात, तेव्हाच वजन मान्य होते, तसाच हा न्याय आहे. तीस वर्षे होत आली. बावीस खासदारांची ती समिती अस्तित्वात आलेली नाही. १९९७-९८मध्ये एका सरकारने अध्यादेश काढून ती वगळली, दुसऱ्याने अध्यादेशाने परत आणू पाहिली, आणि एवढे होऊनही ती बसली नाही. सॅम पित्रोदा यांच्या समितीने जानेवारी २०१४मध्ये दिलेल्या अहवालात पुन्हा स्वायत्ततेचीच मागणी केली. उलट बाजूला, आकाशवाणीच्या वृत्तसेवा विभागात आणि दूरदर्शनच्या बातम्यांत कळीच्या जागांवर बसणारे अधिकारी भारतीय माहिती सेवेतले असतात, आणि ती सेवा माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या अखत्यारीतली आहे. आज बातमी संपादित करणारा अधिकारी उद्या मंत्रालयाच्या प्रसिद्धीचे काम करणार असेल, तर त्याला वेगळा हुकूम देण्याची गरज काय? पगारही तिथूनच येतो. प्रसार भारतीला केंद्राच्या अर्थसंकल्पातून दरवर्षी अडीच हजार कोटी रुपयांच्या घरात किंवा त्याहून अधिक अनुदान मिळते. ५ ऑक्टोबर २००७पर्यंत भरती झालेले कर्मचारी कायद्याने केंद्र सरकारचेच, प्रतिनियुक्तीवर असलेले, मानले जातात. माणसे मंत्रालयाची, पैसा मंत्रालयाचा, आणि स्वायत्तता फक्त कायद्याच्या नावात.

या रचनेतून काय निपजते ते गेल्या दहा-बारा वर्षांत वेगवेगळ्या पक्षांच्या राजवटीत दिसले. एप्रिल २०१४मध्ये, काँग्रेसचे सरकार असताना, दूरदर्शनने नरेंद्र मोदी यांची मुलाखत घेतली आणि काही भाग वगळून दाखवली. प्रसार भारतीचे तेव्हाचे मुख्य कार्यकारी अधिकारी जवाहर सरकार यांनीच मंडळाला लिहिलेल्या पत्रात बातम्यांच्या बाबतीत स्वायत्तता मिळालेली नसल्याचे नमूद केले. सहा महिने उलटले नाहीत तोच, सत्तांतरानंतर, ३ ऑक्टोबर २०१४ला विजयादशमीच्या दिवशी नागपूरहून सरसंघचालक मोहन भागवत यांचे भाषण दूरदर्शनच्या वृत्तवाहिनीने थेट दाखवले. भाषणाला बातमीमूल्य आहे, असे समर्थन तेव्हाचे माहिती-प्रसारण मंत्री जावडेकर यांनी केले. बातमीमूल्य होते, हे मी मान्य करतो. ज्या संघटनेतून देशाचे पंतप्रधान आले, तिच्या प्रमुखाचे वार्षिक भाषण ही बातमीच आहे. पण बातमी देणे आणि संपूर्ण भाषण थेट दाखवणे, हे दोन वेगळे निर्णय आहेत. विजयादशमीलाच त्याच शहरात दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, लाखांदूर-पवनीकडूनही जातात. कुणाच्या भाषणाला थेट किती मिनिटे द्यायची, हे ठरवण्याचे प्रसिद्ध केलेले माप असते, तर वादच उरला नसता. ऑगस्ट २०१७मध्ये त्रिपुराचे तेव्हाचे मुख्यमंत्री माणिक सरकार यांनी स्वातंत्र्यदिनाचे भाषण बदलावे, अशी अट घालण्यात आली आणि त्यांनी नकार दिल्यावर ते प्रसारितच झाले नाही. २०२०मध्ये प्रसार भारतीने पीटीआय आणि यूएनआयची सेवा थांबवण्याचे ठरवले, फेब्रुवारी २०२३मध्ये हिंदुस्थान समाचारशी करार झाला. ही संस्था दादासाहेब आपटे यांनी १९४८मध्ये काढलेली, संघपरिवाराशी जवळीक असलेली. आणीबाणीत ज्या चार संस्थांचे अस्तित्व पुसले गेले, त्यांत तीही होती. म्हणूनच बातमीचा ओघ एकाच बाजूने येऊ देण्यातला धोका तिच्या लोकांना तरी वेगळा सांगावा लागू नये. एप्रिल-मे २०२४च्या लोकसभा निवडणुकीत माकपचे सीताराम येचुरी आणि फॉरवर्ड ब्लॉकचे जी. देवराजन यांच्या आकाशवाणी-दूरदर्शनवरच्या पक्षीय भाषणांतले काही शब्द गाळायला लावले गेले. निवडणूक आयोगाच्या नियमांचा आधार त्याला दिला गेला, आणि तसे नियम आहेतही. मात्र कोणता शब्द कोणत्या नियमात बसत नाही, याची कारणांसह नोंद लोकांपुढे आली नाही.

या यादीत मला सर्वांत बोलके वाटते ते पुण्याचे प्रकरण, जरी त्यात पक्षपात कुठेच दिसत नाही. जून २०२३मध्ये आकाशवाणी पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून ते बातमीपत्र छत्रपती संभाजीनगरहून देण्याचे ठरले. महाराष्ट्रात नाराजी उमटली, सर्व पक्षांच्या नेत्यांनी आवाज उठवला, आणि तेव्हाचे माहिती-प्रसारण मंत्री अनुराग ठाकूर यांनी लक्ष घातल्यावर निर्णयाला स्थगिती मिळाली. सगळ्यांना बरे वाटले, मलाही. पण स्वायत्त म्हणवणाऱ्या संस्थेचा एक अंतर्गत निर्णय मंत्र्याच्या एका शब्दाने फिरतो, याचा अर्थ काय होतो? चांगल्या कामासाठी चालणारा तो शब्द दुसऱ्या कामासाठी चालणार नाही, याची हमी कुठून आणायची? आपण सगळेच मंत्र्याकडे दाद मागायला गेलो, कारण दाद मागायला दुसरी जागा नव्हती. कायद्यातली संसदेची समिती बसलेली असती, तर तो प्रश्न तिच्यापुढे गेला असता, आणि तिने दिलेले उत्तर कारणांसह आज वाचता आले असते. न्यायालयांनी हे करून दाखवले आहे. जानेवारी १९८८मध्ये दूरदर्शनवरची ‘तमस’ मालिका थांबवावी, अशी मागणी झाली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. बख्तावर लेंटिन आणि न्या. सुजाता मनोहर यांनी मालिका स्वतः पाहिली आणि मग निकाल दिला. दूरदर्शनने दाखवायला नकार दिलेल्या आनंद पटवर्धन यांच्या माहितीपटाचे प्रकरण २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपले. या निकालांशी कुणी असहमत असेल, पण कशाशी असहमत आहोत, हे त्याला सांगता येते. तोंडी सूचनेशी असहमत होता येत नाही, कारण ती दिलीच नव्हती, असे सांगण्याची वाट नेहमी मोकळी असते.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: सरकार लोकांनी निवडून दिलेले आहे, त्याला आपले काम लोकांपर्यंत पोचवण्याचा हक्क का नसावा? हक्क आहेच, आणि त्यासाठी भरपूर साधनेही आहेत. राज्याचे माहिती व जनसंपर्क महासंचालनालय आहे, प्रत्येक जिल्ह्यात माहिती कार्यालय आहे, ‘लोकराज्य’ मासिक आहे, केंद्राचे पत्र सूचना कार्यालय आहे, जाहिरातींचे पैसे आहेत. पंतप्रधानांचा ‘मन की बात’ कार्यक्रम ३ ऑक्टोबर २०१४पासून आकाशवाणीवर सुरू झाला, त्यालाही माझी हरकत नाही. बोलणारा कोण, हे तिथे पहिल्या वाक्यापासून स्पष्ट असते. हरकत आहे ती प्रसिद्धीने बातमीचा आवाज घेऊन बोलण्याला. धानाच्या बोनसची घोषणा पोचवणे हे माहिती कार्यालयाचे काम. जाहीर झालेला बोनस खात्यात आला का, नसल्यास का नाही, हे विचारणे बातमीचे काम. दुसरे काम पहिल्याच्या हाती दिले की घोषणा खाली पोचते, तक्रार वर पोचत नाही. आणि यात सरकारचेही नुकसान आहे, हे मी गंभीरपणे सांगतो. मुंबईत बसलेल्या मंत्र्याला लाखांदूरच्या केंद्रावर काटा बंद असल्याचे स्वतःच्या अधिकाऱ्यांकडून कळणार नसेल, तर ते बातमीतून कळायला हवे. विश्वासाची बातमी हा राज्यकर्त्याचाही कान आहे. तो बंद करून घेतलेल्यांना लोकांचे मत १९७७मध्ये निवडणुकीच्या निकालाच्या दिवशीच कळले.

दुसरा आक्षेप: आता रेडिओ ऐकतो कोण, सगळे मोबाइलवर आहे, खासगी वाहिन्या तर याहून एकांगी आहेत. खासगी वाहिन्यांबद्दलचे निरीक्षण खरे आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. बाजारातला माल भेसळीचा झाला, तर सरकारी दुकानातल्या मालाची शुद्धता जास्त महत्त्वाची ठरते. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून सोडलेले पाणी आले, गोसीखुर्दचे दरवाजे उघडले गेले आणि भंडारा, पवनी, लाखांदूरपासून पलीकडे ब्रह्मपुरी, वडशापर्यंत वैनगंगेने गावे वेढली. अशा वेळी मोबाइलवर अफवा आणि जुने व्हिडिओ एकाच वेगाने फिरतात. कोणत्या धरणातून किती पाणी सुटले, हे एका विश्वासाच्या आवाजात कळणे म्हणजे वेळेवर गुरे सोडता येणे. तो विश्वास पुराच्या रात्री तयार होत नाही, तो एरवीच्या दिवसांत कमवावा लागतो. पाणी उतरल्यावर इशारा वेळेत मिळाला होता का, दोन राज्यांच्या पाटबंधारे खात्यांत बोलणे झाले होते का, हे ज्या आवाजाने विचारले, त्याच्यावर पुढच्या पुरात लोक भरवसा ठेवतात. फक्त मदतवाटपाचे आकडे ऐकवणाऱ्यावर ठेवत नाहीत.

तिसरा आक्षेप जास्त विचार करण्यासारखा आहे. सरकारचा हात काढला तर अधिकाऱ्यांची मनमानी सुरू होईल, आणि पूर्ण स्वायत्तता जगात कुठेच नाही, असे म्हटले जाते. दुसरी गोष्ट बरोबर आहे. बीबीसीचा दाखला आपण सारखा देतो, पण तिथलाही अध्यक्ष सरकारच्या शिफारशीने नेमला जातो. इराक युद्धाच्या बातमीवरून २००४मध्ये हटन अहवाल आल्यावर बीबीसीच्या अध्यक्षांना आणि महासंचालकांना पद सोडावे लागले, २०२३मध्ये नेमणुकीच्या वादातून आणखी एका अध्यक्षांनी राजीनामा दिला. मला जर्मनीचे उदाहरण अधिक उपयोगाचे वाटते, कारण तिथे ‘स्वायत्तता’ हा शब्द आकड्यात उतरवला आहे. २०१४मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने झेडडीएफ या दूरचित्रवाणीच्या नियामक मंडळांबाबत निकाल दिला की सरकार आणि राजकारणाशी संबंधित सदस्य एक तृतीयांशापेक्षा जास्त असता कामा नयेत. राज्यकर्ते बाहेर नाहीत, पण बहुमतातही नाहीत. आणखी एक मार्ग, संस्थाच बंद करण्याचा, अमेरिकेने पत्करला. सार्वजनिक रेडिओ-दूरचित्रवाणी एकांगी आहे, असा आरोप करून २०२५मध्ये तिथल्या संसदेने सुमारे १.१ अब्ज डॉलरचा मंजूर निधी काढून घेतला. मोठ्या शहरांतली केंद्रे देणग्यांवर तग धरू शकतात, पण या निधीवर सर्वाधिक विसंबून होती ती खेड्यापाड्यांतली छोटी केंद्रे. आरोप खरा मानला, तरी शिक्षा ज्यांच्या बोलण्यावर आक्षेप होता त्यांच्यापेक्षा खेड्यापाड्यांतल्या ऐकणाऱ्यांना जास्त झाली. आपल्याकडे तसे झाले तर नागपूर-मुंबईच्या श्रोत्याला दुसरे पुष्कळ उरेल. लाखांदूरच्या श्रोत्याला, खासगी रेडिओला बातम्यांची परवानगी नसताना, रेडिओवर काहीच उरणार नाही.

म्हणून मी मागतो ते फार मोठे नाही, आणि त्यातल्या बहुतेक गोष्टींना नवा कायदाही लागत नाही. तेराव्या कलमातली समिती नेमावी. वृत्तविभागासाठी मंत्रालयाबाहेरची, प्रसार भारतीची स्वतःची भरती करावी. जिल्ह्यातल्या अंशकालीन वार्ताहराला फिरण्याचा खर्च आणि पुरेसे मानधन मिळावे, म्हणजे त्याच्याकडे प्रेसनोटशिवायही काहीतरी असेल. खासगी आणि सामुदायिक रेडिओवरची बातम्यांची बंदी उठवावी, कारण एकच आवाज असला की त्या आवाजावर ताबा मिळवण्याचा मोह कोणत्याही सरकारला होणारच. आणि दर महिन्याला मोजणी प्रसिद्ध करावी: कोणत्या पक्षाला किती ओळी, मंत्र्यांच्या वक्तव्यांना किती, प्रश्न विचारणाऱ्यांना किती, कोणत्या जिल्ह्यातून किती बातम्या. बातमीपत्रांचा मजकूर टाइप केलेला असतोच, त्यातला बराचसा आकाशवाणीच्या वृत्तसेवेकडून रोज इंटरनेटवरही टाकला जातो. मोजायला आयोग लागत नाही. प्रसार भारती करत नसेल तर नागपूर विद्यापीठाच्या जनसंवाद विभागातल्या विद्यार्थ्यांना एका सत्राच्या प्रकल्पात हे करता येईल. त्यांनी सुरुवात भंडारा-गोंदियापासून आणि धान खरेदीच्या हंगामापासून करावी. नोव्हेंबरमध्ये केंद्रांचे शुभारंभ होतात, फेब्रुवारी-मार्चपर्यंत चुकाऱ्यांची ओरड सुरू झालेली असते, आणि दोन्हींच्या ओळी एकाच तक्त्यात शेजारीशेजारी लिहिता येतात.